गावात मोठं सुपरमार्केट येतंय. वडिलांचं किराणा दुकान चालू ठेवायचं की गाळा भाड्याने द्यायचा?

पेठेतली लेक

नमस्कार. आमचं सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एसटी स्टँडच्या मागच्या पेठेत वडिलांचं किराणा दुकान आहे, आजोबांनी घातलेलं. वडील सकाळी सातला शटर उघडतात, दुपारी जेवायला घरी गेले की आई गल्ल्यावर बसते. कामाला दोन माणसं. एक जण माझ्या लहानपणापासून आहेत, वजन-पुड्या सगळं तेच बघतात, आता पन्नाशी उलटली त्यांची. दुसरा पोरगा मोटारसायकलवरून घरपोच माल देतो.

बायपासला एका मोठ्या साखळीचं सुपरमार्केट जवळजवळ बांधून झालंय. दिवाळीच्या आधी उघडणार म्हणतात. भाऊ पुण्यात नोकरीला आहे. त्याचं म्हणणं, आत्ताच माल संपवा आणि गाळा मोबाईलवाल्याला द्या, बसून भाडं येईल. वडील म्हणतात, माझं गिऱ्हाईक तुटायचं नाही. दोघांचे फोनवर खटके उडतात आणि मध्ये मी.

दुकानाचे हिशेब मी बघते, म्हणून एवढं सांगू शकते की विक्रीतला निम्म्याहून जास्त भाग कंपनीचा पॅकिंग माल आहे: साबण, चहा, बिस्किटं, तेलाच्या पिशव्या. बाकी सुटा माल. उधारीची वही जाड आहे. शिक्षक, एसटीतले लोक पगार झाला की देतात, शेतकरी माल विकला की देतात. बुडीत फार नाही, पण पैसा अडकलेला असतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. भावात खरंच किती फरक पडतो आणि तो कशामुळे? गावात सगळे म्हणतायत की पोरांना नोकऱ्या लागणार, ते कितपत खरं? आणि तुमच्या गावात असं दुकान आल्यावर जे किराणावाले टिकले, त्यांनी नेमकं काय केलं? "बदल स्वीकारा" हे भावाकडून रोज ऐकते, त्यामुळे अनुभव असेल तरच लिहा ही विनंती.

एजन्सीवाला, सांगली

ताई, माझी साबण, टूथपेस्ट आणि बिस्किटांची एजन्सी आहे. वडिलांसारखी किराणा दुकानं हेच माझं गिऱ्हाईक. त्यामुळे सांगतो ते बिलं बघून सांगतो.

एमआरपी 40 रुपयांची साबणाची वडी घ्या. ती मी दुकानदाराला साधारण 36 ला देतो. माझ्या हातात दीड-दोन रुपये राहतात आणि त्यातच गाडी, डिझेल, सेल्समन, परत आलेला फुटका माल. दुकानदार ती 40 ला विकतो, ओळखीचा असेल तर 39 ला. मोठ्या दुकानात तीच वडी 36 ला मिळते, ऑफर असली तर 35 ला. म्हणजे वडिलांची जी खरेदी, ती त्यांची विक्री. वडिलांनी एक रुपया नफा न घेता विकलं तरी बरोबरीच होईल.

हे त्यांना का जमतं? कंपनी त्यांना थेट माल देते, माझ्यासारख्याचा वाटा निघूनच जातो. दर्शनी फळीवर माल लावायचे कंपनी त्यांना वेगळे पैसे देते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रोकड. डीमार्टचं गणित उघड आहे. 2002 साली पवईत पहिलं दुकान काढल्यापासून त्यांनी शक्य तिथे जागा स्वतःच्या मालकीच्या घेतल्या, म्हणून भाड्याचा बोजा कमी. पुरवठादाराचे पैसे ते लवकर चुकते करतात आणि त्या बदल्यात भाव पाडून घेतात. माझा किराणावाला मात्र तीन-तीन आठवडे बिल थांबवतो, कारण त्याचंच गिऱ्हाईक महिनाभर थांबवतं. त्या थांबण्याचा खर्च शेवटी वडीच्या किमतीत येऊन बसतो.

आता तर छोटे दुकानदार सुपरमार्केटातूनच ट्रॉल्या भरून आणतात आणि आपल्या दुकानात विकतात. माझा सेल्समन गेला की म्हणतात, पुढच्या वेळी बघू. 2022 च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल उचलणं बंद केलं होतं, ते याच कारणाने. मोठ्या खरेदीदारांना एक भाव आणि आम्हाला दुसरा, हे किती दिवस सोसायचं? कंपनीला गावागावात पोचायला आम्ही हवे असतो आणि भाव ठरवताना आमची आठवण होत नाही, याचा मला आजही मनापासून राग येतो.

म्हणून कंपनीच्या मालात वडिलांनी भावाने लढू नये. तो माल ठेवावा लागतो, कारण पाच-दहा रुपयांचं पाकीट घ्यायला कोणी बायपासला जात नाही. पण मोठ्या पॅकात भांडवल अडकवू नका. किलोच्या डिटर्जंटपेक्षा दहा रुपयांची पाकिटं जास्त ठेवा.

सुट्या मालाची गोष्ट वेगळी. साखर सोडून. साखर ते खरेदीच्या आसपास विकतात, लोकांना आत आणायला. त्या भावाच्या मागे लागू नका. पण ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, मिरची, पोहे यात तुमच्या वडिलांचा हात चालतो. पाकिटावर ज्वारी एवढंच लिहिलेलं असतं. मंगळवेढ्याची मालदांडी कुठली आणि दुसरीकडून आलेली कुठली, हे वडिलांना दाणा तळहातावर घेतला की कळत असणार. घरात भाकरी करणारी बाई असली की तिलाही कळतं. ही ओळख कुठलीही साखळी विकत घेऊ शकत नाही, कारण त्यांचा माल गोदामातून सगळीकडे एकसारखा जातो.

आता नोकऱ्या. तूरडाळीचं एक पोतं कसं येतं ते बघा. मिलमधून आडत्याकडे, तिथे हमाल उतरवतो, तोलणारा तोलतो, टेम्पोवाला पेठेत आणतो, दुकानात परत हमाल, मग तुमच्याकडचे ते काका पुड्या बांधतात. आमच्याकडे काही दुकानदार डाळ आणि शेंगदाणे निवडायला बायका बोलावतात, किलोमागे पैसे देतात. साखळी माल मिलमधून थेट आपल्या गोदामात नेते आणि तिथेच पॅक करते. डीमार्टची तर त्यासाठी वेगळी उपकंपनीच आहे. यातली कामं संपतात असं नाही, काही गोदामात जातात. पण गोदाम असतं मोठ्या शहराजवळच्या हायवेला, तुमच्या तालुक्यात नसतं.

सुपरमार्केट उघडतं तेव्हा शंभर पोरं एकाच रंगाचे टी-शर्ट घालून उभी दिसतात, पेपरात फोटो येतो. भुसार बाजारातल्या हमालाच्या फेऱ्या रोज दोनाने कमी होतात, त्याचा फोटो कोण काढणार? महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे. हमालाला फंड, बोनस, दवाखाना मिळावा म्हणून लोक त्यासाठी लढले. पण माथाडी मंडळात नाव असलेल्या हमालाला मजुरी मिळते ती उचललेल्या मालावर. पोतंच बाजारात आलं नाही तर कायद्याने त्याला काय द्यायचं? माझ्याकडे सात माणसं होती, आता चार आहेत. तिघांना मी काढलं नाही, पण जागा रिकामी झाल्यावर भरली नाही. हेच सगळीकडे होतं, गाजावाजा न होता.

वडिलांना दुकान बंद करायला लावू नका. कसं चालवायचं ते बदला. विचारलंत तर अजून सांगतो.

लातूरची आई

काकांचं सगळं पटलं, पण दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

माझी आई धुणीभांडी करायची. आमच्या पेठेतल्या दुकानात आधी मोठ्या घरच्यांना माल, मग आम्हाला. पन्नास ग्रॅम तेल आणि अर्धा पाव साखर मागितली की दुकानदाराचा चेहरा बदलायचा. सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवायचे. डाळीत खडे निघाले आणि परत न्यायला गेलं तर चार लोकांसमोर, "तुमच्याच डब्यातले असतील". उधारी द्यायचे, खरं आहे. पण वही उघडली की सगळ्यांसमोर नाव आणि आकडा मोठ्याने वाचायचे. माझ्या आईने त्या दुकानासमोरून जायचा रस्ता बदलला होता.

आज मी मोठ्या दुकानात जाते, ट्रॉली घेते, वस्तू हातात घेऊन भाव वाचते, नको असेल तर परत ठेवते. कोणी विचारत नाही तू कोणाची. आई माझ्यासोबत येते आणि तीही निवांत फिरते. यात भावाचा प्रश्नच नाही. तुमचे वडील तसे नसतील, तुमच्या लिहिण्यावरून वाटतही नाही. पण गिऱ्हाईक तिकडे का जातं याचं उत्तर फक्त 36 आणि 40 मध्ये शोधू नका.

मालाच्या भावाबद्दल माझं स्वतःचं. आमचं चार माणसांचं घर. महिन्याचा माल भरला की तेल, पावडर, चहा, साबण यात काही शे रुपये नक्की वाचतात. पण तिथे यादीबाहेरचं काहीतरी पिशवीत पडतंच, मुलं बरोबर असली की जास्तच. रिक्षाचं भाडं वेगळं. त्यामुळे मी महिन्यातून एकदाच जाते आणि मध्येच लागणारं सगळं गल्लीतल्या दुकानातून आणते. मोठा पॅक स्वस्त असतोच असं नाही. शांपूचं एक-दोन रुपयांचं पाऊच मिलीलिटरमागे बाटलीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतं. पाकिटावर हल्ली ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, तो बघायची सवय मी मुलीलाही लावली आहे.

तुमच्या वडिलांना एकच सांगा. दुकानात भावाची पाटी लावा, सगळ्यांना दिसेल अशी, आणि फळ्यांपर्यंत गिऱ्हाइकाला येऊ द्या. लाकडी काउंटर आडवा टाकून पलीकडे माल ठेवायचे दिवस गेले.

काउंटर नंबर चार

ताई, मी अशाच एका मोठ्या दुकानात बिलिंगला आहे. नाव आणि गाव लिहीत नाही, कारण नोकरी ठेवायची आहे.

नोकऱ्या लागतात, हे खरं आहे. माझ्या घरात पगाराची स्लिप हातात आलेली मी पहिली. पीएफ कापला जातो, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आहे, आईच्या ऑपरेशनला त्याचा उपयोग झाला. त्याआधी मी साडीच्या दुकानात होते, तिथे यातलं काहीच नव्हतं, सुट्टी मागितली की शेठ म्हणायचे उद्यापासून येऊच नको. त्यामुळे छोट्या दुकानातली नोकरी चांगली आणि इथली वाईट असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही.

पण नोकरी कंपनीची नाही, ठेकेदाराची आहे. दुकानातले कायमचे लोक थोडे, बाकी आम्ही सगळे ठेक्यावर. डीमार्टसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालातसुद्धा कायम माणसांपेक्षा कंत्राटी माणसं कितीतरी जास्त दिसतात, तेव्हा हे आमच्या एका दुकानापुरतं नाही. आमचा अकरा महिन्यांनी कागद बदलतो. पगारवाढ म्हणजे सरकारने किमान वेतन वाढवलं तर तेवढीच. रविवार आणि सण म्हणजे आमचे जास्तीत जास्त कामाचे दिवस. दिवाळीला लक्ष्मीपूजन आटोपून घरी पोचते तोवर सगळे झोपलेले असतात.

आणि उभं राहणं. पूर्ण शिफ्ट उभी. पायाच्या पोटऱ्या रात्री दगडासारख्या होतात. केरळने 2018 साली आणि तामिळनाडूने 2021 साली दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्याने दिला. तिथे कापडदुकानातल्या बायकांनी त्यासाठी आवाज उठवला होता. आपल्याकडेही काउंटरमागे एक स्टूल मिळावं, एवढीच माझी मागणी आहे. बिल बसूनही तेवढ्याच वेगाने होतं.

तुमच्या दोन माणसांबद्दल विचारावंसं वाटलं म्हणून लिहिलं. मोटारसायकलवाल्या पोराला कुठेही काम मिळेल, इथे नाहीतर डिलिव्हरीला. वजन करणाऱ्या काकांना मिळणार नाही. आमच्याकडे भरतीला वय बघतात, दहावीचा दाखला मागतात, आणि काट्यावर नुसत्या अंदाजाने पावशेर बरोबर टाकणाऱ्या माणसाची तिथे गरजच नसते. दुकान बंद करायचा विचार असेल तर आधी त्यांचा विचार करा, एवढं सांगते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी

अनुभव बाकीच्यांनी लिहिले, मी अभ्यासातलं थोडं सांगतो, कारण "सगळे किराणावाले मरणार" आणि "काहीच फरक पडत नाही" ही दोन्ही वाक्यं मी रोज ऐकतो.

2008 साली इक्रियर या दिल्लीच्या संस्थेने भारतात याचा मोठा अभ्यास केला. मोठ्या दुकानांच्या जवळच्या छोट्या दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीला घटला, पण काळ गेला तसा हा परिणाम ओसरत गेला. वर्षाला शंभरातली चारेक दुकानं बंद पडत होती आणि त्यातली दोनहूनही कमी मोठ्या दुकानांच्या स्पर्धेमुळे. बाकीची इतर कारणांनी. अर्थात तेव्हा ही दुकानं मुख्यतः मोठ्या शहरांत होती आणि मोबाईलवरून दहा मिनिटांत माल येत नव्हता, त्यामुळे हे आकडे आजच्या तालुक्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. ताई, तुमच्या कामाची गोष्ट एवढीच की मार सुरुवातीला सर्वांत जास्त बसतो. तो काळ निभवायला रोकड जवळ हवी.

अमेरिकेत वॉलमार्ट या सुपरमार्केटच्या साखळीवर खूप काम झालंय, पण त्यांच्यातही एकमत नाही. 2005 च्या एका अभ्यासात दुकान उघडल्यावर त्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, किरकोळ विक्रीतल्या सुमारे शंभर नोकऱ्या वाढलेल्या आणि पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या गेलेल्या दिसल्या, शिवाय घाऊक व्यापारातल्याही काही कमी झाल्या. 2008 च्या दुसऱ्या अभ्यासात वॉलमार्टमधल्या एका कामगारामागे किरकोळ विक्रीतल्या सुमारे 1.4 जागा गेल्याचं निघालं. दोन्हीकडे उद्घाटनाच्या दिवशीचा आकडा टिकलेला नाही. एजन्सीवाल्या काकांनी हमालांबद्दल जे लिहिलं ते घाऊकच्या आकड्यात बसतं.

पेठेतली लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरच्या ताईंचं वाचून मी आईला फोन केला. आई म्हणाली, उधारीची वही आपल्याकडेही गल्ल्यासमोर उघडी असते. ती उद्यापासून आत जाईल.

काका, तुम्ही म्हणालात कसं चालवायचं ते बदला. दोन अडचणी आहेत. उधारी बंद केली तर माणसं तुटतात, नाही केली तर रोकड कुठून आणायची? आणि शेजारच्या तीन किराणावाल्यांशी वडिलांचं बोलणं आहे, पण एकत्र खरेदी म्हटलं की सगळे मागे सरतात, एकमेकांना भाव कळतील म्हणून.

एजन्सीवाला, सांगली

ताई, उधारी बंद करू नका. तीच तुमची खरी ताकद आहे, साखळी कोणाला ओळखीवर महिनाभर माल देत नाही. पण सरसकट देऊ नका. ज्वारी, डाळ, गूळ, शेंगदाणे यावर उधारी द्या, तिथे तुम्हाला चार पैसे सुटतात. कंपनीचा पॅकिंग माल रोखीने. गिऱ्हाइकाला हे आधी सांगून टाका, कोणी वाईट वाटून घेत नाही. पगारदारांना महिन्याची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगा आणि पोराकडून एकदम पोचवा, म्हणजे एकच फेरी होईल.

एकत्र खरेदीची भीती सगळीकडे असते. तरी महाराष्ट्रात हे नवीन नाही. 1948 साली नायगावच्या गिरणी कामगारांनी अपना बाजार काढला, 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीचे लोक महिन्याचा माल एकत्र घेऊन आपापसांत वाटतायत, वारणेचा सहकारी बाजार तर ग्रामीण भागातच उभा राहिला. ते सगळे ग्राहक होते. दुकानदारांनीही करायला काय हरकत आहे? आमच्याकडे पाच जणांनी सुरुवात फक्त दोन वस्तूंनी केली: साखरेची पोती आणि तेलाचे 15 किलोचे डबे. या दोन्हींचा भाव बाजारात सगळ्यांना माहीतच असतो, लपवायला काही नाही. एकाच्या नावावर बिल, बाकीच्यांनी त्याच दिवशी रोख भरायचे, आणि त्याने पुढे देताना पक्कं जीएसटीचं बिल फाडायचं. विश्वास बसायला वेळ लागला, पण वाहतूक आणि भाव दोन्हींत फरक पडला. तुमच्या पेठेत आधी साखर घ्या. दिवाळी तोंडावर आहे, चौघांनाही पोती लागणारच.

भावाला एक विचारा: गाळ्याचं भाडं किती येईल आणि आत्ता दुकानातून आई-वडिलांचा घरखर्च, घरचा किराणा आणि त्या दोन माणसांचे पगार मिळून किती निघतात, हे त्याने एका कागदावर मांडलंय का? नसेल तर तुम्ही हिशेब बघता, तुम्हीच मांडा. बायपासचं दुकान उघडल्यावर पहिले सहा महिने विक्री पडेल असं धरून मांडा. त्यासाठी आत्ताच नवा माल कमी उचला आणि शिक्षक-एसटीवाल्यांकडची जुनी उधारी दिवाळी बोनसच्या आधी प्रेमाने मागायला लागा. बोनस झाला की ते पैसे आधी बायपासला जातील.